वर्गवारीत अडकलेले वाचनालय : महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ – एक चिकित्सा

सारांश : महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्था १९६७ च्या अधिनियमावर उभी आहे. लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान देणे हे या व्यवस्थेचे मुख्य सूत्र. या सूत्राने राज्यात ग्रंथालयांचे जाळे विस्तारले. परंतु वाचकाचा हक्क, सेवकाचे वेतन आणि जिल्हा पातळीवरील उत्तरदायित्व हे तीन प्रश्न अनुत्तरित राहिले. प्रस्तुत लेखात या अधिनियमाची रचना, त्यातून घडलेला सेवांचा आकार आणि कारभाराचे स्वरूप यांची चिकित्सा करून काही सूचना मांडल्या आहेत.

प्रस्तावना

ग्रंथालयांविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा बराचसा भाग गौरवपर असतो. ग्रंथ हेच गुरू, वाचाल तर वाचाल, वाचनसंस्कृती रुजली पाहिजे, अशा विधानांशी कोणाचेच दुमत नसते. आणि ज्या विधानाशी कोणाचेच दुमत नसते ते बहुधा कोणालाच काही करावयास लावत नाही. ग्रंथालय ही एक संस्था आहे. तिला जागा, वेळ, पैसा, माणूस आणि नियम लागतात. या पाचांची व्यवस्था कायदा कशी लावतो, यावर त्या संस्थेचे चरित्र ठरते. म्हणून ग्रंथालयाविषयीच्या चर्चेत ग्रंथांइतकाच कायद्याचाही विचार व्हावयास हवा, ही प्रस्तुत लेखामागील भूमिका आहे.

या लेखाचे निमित्त साधे आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयात अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाचा परिसरातील काही शासनमान्य वाचनालयांशी संबंध आला. त्यांपैकी एका ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात आमचीच एक माजी विद्यार्थिनी ग्रंथपाल म्हणून काम करते. तिने ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले आहे. तिला मिळणाऱ्या मासिक मानधनाची रक्कम ऐकून वर्गात ‘ग्रंथालय चळवळ’ हा शब्द उच्चारताना संकोच वाटू लागला. तिचा प्रश्न एवढाच होता, “सर, हे वाचनालय सरकारचे आहे, गावाचे आहे की मंडळाचे?” या प्रश्नाचे सरळ उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हा त्या उत्तराचा शोध आहे.

१. पूर्वपीठिका : लोकाश्रयाची परंपरा

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये शासनाने निर्माण केलेली नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्यातील ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ १८४८ साली सुरू झाली आणि तिच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. आरंभीच्या या संस्था गोरे अधिकारी, सरदार आणि नवशिक्षित यांच्या देणगीतून चालत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथसंग्रहालयांची वेगळी धारा आली. १८९३ साली ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. या धारेने मराठी ग्रंथांचा संग्रह हेच आपले ध्येय मानले. दोन्ही धारांमध्ये एक गोष्ट समान होती : पैसा लोकांचा आणि कारभार सभासदांचा.

याच काळात दुसरा एक प्रयोग मराठी राजाच्या संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयांची योजना आखली. गावाने काही रक्कम उभी करावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने व तेवढीच संस्थानाने घालावी, हे त्या योजनेचे तत्त्व होते. येथे लोकांचा सहभाग आहे. पण तो शासनाच्या जबाबदारीला पर्याय म्हणून नाही. तिन्ही घटकांचा वाटा आणि म्हणून तिन्ही घटकांचा शब्द, असा तो विचार होता.

कायद्याच्या बाबतीतही हा प्रदेश मागे नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतातील पहिला कायदा मद्रास राज्याचा, १९४८ चा. १९५५ साली ज्या हैदराबाद राज्याने असा कायदा केला, त्यात तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे समाविष्ट होते. मुंबई प्रांतात १९३९ साली आसफ अली असगर फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमण्यात आली होती. अस्तित्वात असलेल्या ग्रंथालयांनाच हाताशी धरून, त्यांना अनुदान देऊन श्रेणीबद्ध व्यवस्था उभारावी, हा त्या समितीच्या योजनेचा कल होता. १९६७ च्या अधिनियमाचे बीज येथे सापडते.

२. अधिनियमाची रचना

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. या अधिनियमाने ग्रंथालय संचालनालय निर्माण केले, शासनास सल्ला देण्यासाठी राज्य ग्रंथालय परिषद व जिल्ह्यांसाठी जिल्हा ग्रंथालय समित्या यांची तरतूद केली आणि ग्रंथालय निधीची स्थापना केली. त्यानंतर १९७० साली अनुदानासाठी मान्यता देण्याचे नियम आले. राज्यातील बहुसंख्य वाचनालयांचा दैनंदिन व्यवहार आजही अधिनियमापेक्षा या नियमांनी अधिक बांधलेला आहे.

या रचनेत एक निवड दडलेली आहे. मद्रासच्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला होता. आंध्र प्रदेशाने १९६० साली आणि म्हैसूर राज्याने १९६५ साली तोच मार्ग स्वीकारला. महाराष्ट्राने उपकर नाकारला व त्याऐवजी शासनाने दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये द्यावेत, अशी तरतूद केली. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे कायद्याने हमी दिलेली रक्कम दरडोई सुमारे पाच पैसे भरते. प्रत्यक्ष तरतूद पुढे कितीतरी पटींनी वाढली, हे खरे आहे. परंतु येथे मुद्दा रकमेचा नसून हमीचा आहे. उपकर असलेल्या राज्यात नागरिक ग्रंथालयासाठी पैसे भरतो आणि त्यामुळे त्याला सेवा मागण्याचा आधार मिळतो. महाराष्ट्रात कायदा पाच पैशांची हमी देतो. त्यावरील प्रत्येक पैसा हा त्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाचा, म्हणजे शासनाच्या इच्छेचा भाग राहतो. जे इच्छेने मिळते ते मागून घ्यावे लागते. महाराष्ट्रातील ग्रंथालय संघटनांचा इतिहास हा बव्हंशी मोर्चे, निवेदने आणि आश्वासने यांचा इतिहास का झाला, याचे उत्तर या एका तरतुदीत आहे.

३. वर्गवारी आणि अनुदान

नियमांनुसार मान्यताप्राप्त ग्रंथालये जिल्हा, तालुका व इतर अशा स्तरांत आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली जातात. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास, सेवकसंख्या अशा बाबी पाहिल्या जातात. या सर्व बाबी मोजता येण्याजोग्या आहेत आणि त्या मोजल्या जाव्यात, याविषयी आक्षेप नाही. आक्षेप असा की, मोजमाप संग्रहाचे होते, वापराचे नाही. एका वाचनालयात पाच हजार ग्रंथ आहेत, ही नोंद वर्ग ठरवते. त्यांपैकी किती ग्रंथ वर्षभरात घरी गेले, किती फाटून पुन्हा बांधले गेले, कोणत्या ग्रंथासाठी वाचक रांगेत आहेत, ही नोंद वर्गाला फारशी लागत नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतील पहिलाच ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगतो. आमच्या वर्गवारीच्या दृष्टीने मात्र ग्रंथ प्रथम दाखल नोंदवहीसाठी असतात.

अनुदानाच्या विनियोगाचे गणितही तपासण्याजोगे आहे. २०१२ नंतर दीर्घ काळ इतर ग्रंथालयांपैकी ‘ड’ वर्गाच्या वाचनालयास वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी, हे सूत्र लावले तर वर्षाला १५ हजार, म्हणजे दरमहा १,२५० रुपये होतात. २०२२-२३ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. तरीही या वर्गाची वार्षिक रक्कम तेव्हा ५० हजारांच्या आतच राहिली आणि ग्रंथपालाचा दरमहाचा वाटा सुमारे दोन हजार रुपये झाला. शेतमजुरीच्या चार-सहा दिवसांत जेवढे मिळते तेवढ्यात महिनाभर वाचनालय उघडे ठेवणाऱ्या व्यक्तीस आपण ‘ग्रंथालय सेवक’ म्हणतो. ‘सेवक’ हा शब्द येथे पदनाम राहत नाही. तो वेतन न देण्याचे समर्थन होतो.

उरलेल्या निम्म्या रकमेतून ग्रंथ, नियतकालिके, भाडे, वीज आणि किरकोळ खर्च भागवावयाचा असतो. अनुदान हप्त्यांनी येते आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. त्यामुळे अनेक ठिकाणी ग्रंथखरेदी वाचकाच्या मागणीनुसार वर्षभर होण्याऐवजी मार्चमध्ये एकगठ्ठा होते. छापील किंमत मोठी आणि सवलतही मोठी असलेल्या पुस्तकांना या व्यवहारात साहजिकच प्राधान्य मिळते. मराठी प्रकाशन व्यवसायाचा एक भाग केवळ या खरेदीवर पोसला गेला आहे, ही गोष्ट व्यवसायातील मंडळीच उघडपणे बोलतात. वाचकाने कधी न मागितलेले, लेखकाला फारसे मानधन न देणारे आणि समीक्षकाच्या हाती न पडणारे ग्रंथ अशा रीतीने कपाटात जाऊन बसतात. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या आर्थिक व्यवहाराकडे दुर्लक्ष केले आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

४. सेवा आणि उपक्रम

सार्वजनिक ग्रंथालयाकडून आज काय अपेक्षित आहे, हे युनेस्कोच्या जाहीरनाम्यांवरून दिसते. १९४९ पासून २०२२ पर्यंत हा जाहीरनामा वेळोवेळी नव्याने मांडला गेला. वय, जात, धर्म, लिंग, भाषा वा सामाजिक दर्जा यांचा भेद न करता सर्वांस प्रवेश आणि तत्त्वतः विनामूल्य सेवा हा त्याचा गाभा आहे. महाराष्ट्रात वाचनकक्षात वृत्तपत्रे वाचण्यास सहसा पैसे पडत नाहीत. परंतु ग्रंथ घरी न्यावयाचा तर अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हावे लागते. मध्यमवर्गीय शहरी वाचकास ही रक्कम नगण्य वाटेल. ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मुलास ती नगण्य नसते. आणि रकमेपेक्षाही सभासदत्वाचा अर्ज, ओळख व जामीन हे उंबरठे त्याला अधिक उंच वाटतात.

उपक्रमांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शने, बालविभाग, दिवाळी अंकांची वाचक योजना, जिल्हा ग्रंथोत्सव यांत अनेक वाचनालयांनी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने काम केले आहे. २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून पुढे आले, तेव्हा घरे, मंदिरे आणि निवासस्थाने यांतून ग्रंथ मोकळेपणाने ठेवता येतात, हे दिसून आले. अलीकडच्या काळात वाचनालयांत सर्वाधिक गर्दी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत असते. या गर्दीस वाचनसंस्कृतीचा ऱ्हास म्हणून हिणवण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. घरात अभ्यासाला जागा नसलेल्या तरुणास दिवा, टेबल व शांतता देणे ही सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी आणि सन्माननीय सेवा आहे. दोष असेल तर तो या सेवेची वर्गवारीत व अनुदानात पुरेशी दखल न घेणाऱ्या नियमांचा आहे.

५. जिल्हा पातळीवरील कारभार

जिल्हा हा या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्बळ दुवा आहे. संचालक, विभागीय साहाय्यक संचालक आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी प्रशासनाची साखळी आहे. वाचनालयाचा संबंध प्रामुख्याने या साखळीशी येतो : वार्षिक अहवाल, तपासणी, लेखापरीक्षण, अनुदानाचा हप्ता. जिल्हा ग्रंथालय समितीस कर लावण्याचा अधिकार नाही आणि जिल्ह्यासाठी स्वतंत्र उत्पन्नाचे साधनही नाही. त्यामुळे कोणत्या गावांत वाचनालय नाही, कोणत्या तालुक्यात फिरते ग्रंथालय हवे, कोठे दोन दुर्बळ वाचनालयांनी एकत्र यावे, याचे नियोजन करणारी समर्थ यंत्रणा जिल्ह्यात उरत नाही. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आणि मान्यताप्राप्त ग्रंथालये सर्व मिळून अकरा-बारा हजार. ती जेथे उत्साही मंडळ होते तेथे निघाली. गरज असूनही मंडळ नव्हते तेथे ग्रंथालय नाही, आणि ते का नाही याचा जाब कोणाला विचारावा हेही ठरलेले नाही.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याच्या विषयांत ‘ग्रंथालये’ हा विषय घातला. त्याला तीन दशके उलटली. तरी ग्रंथालय निधी आणि पंचायत राज्य यांचा सांधा जुळलेला नाही. गावाची ग्रामसभा पाणी, रस्ता, दिवाबत्ती यांवर बोलते. वाचनालय मात्र मंडळाचे आणि खात्याचे म्हणून तिच्या विषयपत्रिकेबाहेर राहते.

या उत्तरदायित्वाच्या अभावाचे परिणाम मे २०१२ मध्ये समोर आले. राज्यातील सर्व मान्यताप्राप्त ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत विशेष पडताळणी झाली आणि मोठ्या संख्येने ग्रंथालयांत त्रुटी आढळल्या. पडताळणी आवश्यकच होती. कागदावर चालणाऱ्या वाचनालयांनी खऱ्या वाचनालयांचा पैसा व प्रतिष्ठा दोन्ही खाल्ले होते. परंतु त्यानंतर नवीन मान्यता व वर्गवाढ दीर्घ काळ थांबवण्यात आली. दोषींना वगळून निर्दोषांना वाढू देण्याऐवजी दोघांनाही जागच्या जागी गोठवले गेले. स्थानिक वाचकांची देखरेख असती तर बंद वाचनालय वर्षानुवर्षे उघडे असल्याचे दाखवता आले नसते. आणि तलाठ्यास कपाटे मोजावी लागली नसती.

६. अन्य राज्यांचा अनुभव

यावर उपकर हाच उपाय आहे काय? उपकराची राज्ये पाहिली तर उत्तर सावधपणे द्यावे लागते. कर्नाटकात स्थानिक संस्था उपकर गोळा करतात, पण तो ग्रंथालय प्राधिकरणांकडे वेळेवर वर्ग करीत नाहीत, अशी तक्रार सातत्याने होत आली आहे. शिवाय शासकीय शाखा-ग्रंथालयांच्या व्यवस्थेत सेवकास निश्चित वेतन मिळाले, तरी ग्रंथालय ‘आपले’ असल्याची भावना लोकांत तेवढी रुजत नाही.

महाराष्ट्रास अधिक जवळचे उदाहरण केरळचे आहे. तेथेही ग्रंथालये लोकांनीच काढली. १९४५ साली स्थापन झालेल्या ग्रंथशाला संघाच्या द्वारे पी. एन. पणिक्कर यांनी ती एकत्र गुंफली. १९८९ च्या कायद्याने ही स्वयंसेवी ग्रंथालये शासनाच्या ताब्यात न घेता संलग्न ग्रंथालयांच्या प्रतिनिधींतून तालुका, जिल्हा व राज्य पातळीवर निवडून आलेल्या परिषदा निर्माण केल्या. इमारत वा मालमत्ता करावर रुपयास पाच पैसे उपकर आणि शिक्षणाच्या तरतुदीतील किमान एक टक्का वाटा, अशी त्यांची आर्थिक बाजूही कायद्याने बांधली. या परिषदांत पक्षीय राजकारण शिरते, अशी टीका होते आणि ती निराधार नाही. तथापि जेथे निवडणूक आहे तेथे राजकारण येणारच. महाराष्ट्रात ते निवडणुकीविना येते, एवढाच फरक. लोकाश्रय आणि शासनाची कायदेशीर जबाबदारी या गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हा केरळच्या अनुभवाचा महत्त्वाचा धडा आहे. बडोद्याच्या योजनेनेही हेच सांगितले होते.

७. काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) ग्रंथालय निधीतील शासनाचा किमान वाटा ठोक रकमेऐवजी शिक्षणावरील तरतुदीच्या ठरावीक टक्केवारीशी जोडावा.

(२) सेवकाचे वेतन अनुदानातील निम्म्या वाट्यापासून वेगळे काढावे व ते किमान वेतनाच्या खाली जाणार नाही, अशी तरतूद करावी. वेतनाचा प्रश्न सुटल्याखेरीज गुणवत्तेचा कोणताही निकष न्याय्य ठरणार नाही.

(३) वर्ग ठरवताना ग्रंथसंख्येबरोबर ग्रंथांची देवघेव, बालवाचक, स्त्रीवाचक, अभ्यासिका व विनामूल्य सेवा यांस गुण द्यावेत.

(४) जिल्हा ग्रंथालय समितीत वाचनालयांचे व वाचकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत आणि जिल्हा आराखड्यासाठी तिला स्वतंत्र निधी मिळावा. वाचनालयाचा वार्षिक अहवाल ग्रामसभेपुढे वाचला जावा.

(५) महाविद्यालयांनी परिसरातील एका तरी वाचनालयाशी नाते जोडावे. आपल्या ग्रंथालयांत वर्षानुवर्षे न हललेले संदर्भग्रंथ आहेत आणि चार किलोमीटरवर त्यांची वाट पाहणारा वाचक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याइतकेच वाचनालयाची दाखल नोंदवही नीट लावणे हेही श्रमदान आहे. मराठीच्या विभागांनी मार्चच्या खरेदीपूर्वी निवडक ग्रंथांची यादी करून दिली, तरी पुष्कळ साधेल. ही सूचना शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता अमलात येऊ शकते.

समारोप

१९६७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील लोकाश्रयी ग्रंथालयांस मान्यता दिली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मान्यता देताना त्याने ग्रंथालयास अनुदानपात्र संस्था मानले. वाचकास हक्कदार नागरिक मानले नाही. त्यामुळे हिशेब संस्थेने खात्यास द्यावयाचा, एवढाच व्यवहार उरला आणि वाचक त्या व्यवहारातून बाहेर राहिला. कायद्याचे अर्धशतक उलटून गेल्यावर हा दोष दाखवणे म्हणजे जुन्या पिढीच्या त्यागाचा अवमान करणे नव्हे. तो त्याग वाया जाऊ नये, यासाठीच ही चिकित्सा आवश्यक आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे तर, तिचे वाचनालय नियमांच्या दृष्टीने मंडळाचे आहे, हिशेबाच्या दृष्टीने शासनाचे आहे आणि फलकावरील नावाच्या दृष्टीने गावाचे आहे. ते रोज उघडते, ते मात्र तिच्यामुळे. ज्या व्यवस्थेत या शेवटच्या वस्तुस्थितीस सर्वांत कमी किंमत आहे, ती व्यवस्था बदलण्याचा आग्रह धरणे हे ग्रंथांवर उपजीविका करणाऱ्या आपणा प्राध्यापकांचे किमान कर्तव्य ठरते.